उजव्या कोपऱ्यातली रंजना

शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला विजयचा फोन आला तेव्हा मी हौगांगच्या मार्केटमध्ये बांगडे घेत होते. "मेधाताई, रंजना गेली हो पहाटे..." एवढंच तो म्हणाला. हे ऐकावं लागणार हे पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. तरी मी मासळीवाल्याला तीनदा विचारलं, किती झाले, किती झाले. विजयला म्हटलं, निघते मी, हॉस्पिटलला येते. तो म्हणाला, "इथलं होतंय सगळं. तुम्ही मैदानावर जाल का? आठ वाजता त्या सगळ्या जमतील. मेसेज लिहायला घेतला होता मी, पण मला इंग्रजीत लिहवत नाहीये."

तशीच बांगड्यांची पिशवी घेऊन टॅक्सीत बसले. मैदानावर रंजनाच्या क्लबातल्या चौदा-पंधरा जणी होत्या, कोणी बूट बांधत होत्या, कोणी नारिंगी शंकू मांडत होत्या. ओर्लाने मला लांबून पाहिलं. ओर्ला ही त्यांची प्रशिक्षक, आयर्लंडची, इथल्या एका शाळेत शिक्षिका. तिला काही सांगावंच लागलं नाही. तिने गळ्यातली शिट्टी काढली आणि खिशात टाकली. मग सगळ्यांना गोल करून मी सांगितलं... काय शब्द वापरले ते आता आठवत नाही. काही जणी रडल्या. मेई लिंग नावाची इथलीच एक वीस वर्षांची मुलगी आहे, रंजनाच्या हाताखाली तयार झालेली, तिने डोळे पुसत विचारलं, "सो टुडे नो ट्रेनिंग, इज इट?" ओर्लाने माझ्याकडे पाहिलं. वास्तविक मी त्या क्लबाची कोणी नव्हे, बाकावर बसून गुण लिहिणारी बाई. पण मी म्हटलं, रंजनाने ट्रेनिंग रद्द केलेलं मला तरी आठवत नाही. ओर्लाने खिशातून शिट्टी काढली. त्या पळायला लागल्या आणि मी बाकावर बसले, पिशवीतलं बर्फाचं पाणी पायावर ठिबकत होतं तरी उठले नाही.

त्याला आता सात आठवडे झाले. या काळात पुण्याहून, रोह्याहून बऱ्याच जणांनी विचारलं, रंजना नक्की खेळायची काय? फुटबॉल ना? हो म्हटलं तर खोटं आणि नाही म्हटलं तरी खोटं. गॅलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा खेळ. चेंडू हातातही घ्यायचा, म्हणून बऱ्याच जणी हातमोजे घालतात, आणि पायानेही मारायचा. हातात घेऊन चार पावलं पळता येतं, मग एक टप्पा द्यायचा किंवा स्वतःच्याच पायावर टाकून परत हातात उडवून घ्यायचा, आणि हे सगळं पळता पळता. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे उंच. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. आयर्लंडमध्ये एका बाजूला पंधरा जणी असतात; आमच्या आशियात माणसंही कमी आणि मैदानंही कमी, म्हणून नऊ. त्यातल्या मागच्या तीन बचावाच्या, आणि त्या तिघींतली उजव्या कोपऱ्यातली रंजना. नऊ वर्षं ती त्या कोपऱ्यात उभी राहिली. नऊ वर्षांत तिने गोल तर सोडाच, एक गुणसुद्धा केला नाही. हे मी उणं म्हणून सांगत नाहीये. ती स्वतःच अभिमानाने सांगायची, "माझ्या नावापुढं भोपळा आहे बघा. पण समोरच्या बाईच्या नावापुढंही भोपळाच असतो."

चौदा वर्षांपूर्वी ती सेंगकांगला आमच्या ब्लॉकमध्ये राहायला आली. मी सातव्या मजल्यावर, ती नवव्या. विजय जहाजांच्या एका कंपनीत होता, इंजिनांची देखभाल बघायचा, त्यामुळे महिन्यातले पंधरा-वीस दिवस कुठल्या ना कुठल्या बंदरात. ही बत्तीस वर्षांची, तीन वर्षांच्या आर्याला घेऊन परक्या देशात, नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेन्डन्ट पासवर, इंग्रजी यथातथाच. पहिले काही महिने लिफ्टमध्ये हसण्यापुरतीच ओळख होती. एके दिवशी लिफ्टचं दार उघडलं, तर समोरून आर्या जिन्याच्या दिशेने सुसाट पळत सुटलेली. मी ओरडेपर्यंत रंजनाने मागून झेप घेऊन तिचा घोटा धरला होता. पोरगी पडली नाही, रडली नाही, जागच्या जागी थांबली. मी अवाक झाले. विचारलं, काही खेळायचात का हो? ती गुडघा झाडत उठली आणि म्हणाली, "कोपरा." आडनाव सांगावं तसं.

कबड्डीतला उजवा कोपरा. रोह्याजवळच्या एका गावात ती चौथीपासून खेळत होती, पुढे जिल्ह्याच्या संघात होती. राज्याच्या संघाच्या निवड शिबिराचं पत्र आलं त्याच आठवड्यात तिची हळद होती. वडील म्हणाले, शिबिरं पुढेही होतील. ती बोहल्यावर चढली, आणि शिबिरं होत राहिली, तिच्याशिवाय. हे तिने मला गवार मोडता मोडता सांगितलं, सुस्कारा न टाकता. मी विचारलं, राग नाही आला? "कुणावर? विजय चांगला निघाला की." मग शेंगेचा दोर ओढत म्हणाली, "पण ताई, अंगात राहतं हो ते. एमआरटीच्या डब्यात कुणी जवळून गेलं ना, तरी माझा मागचा पाय आपोआप टेकतो."

दोनेक वर्षांनी, एका शनिवारी, आर्याला स्कूटर चालवायला आम्ही एका मोठ्या मैदानाच्या कडेला गेलो होतो. तिथे ओर्लाच्या बायकांचा सराव चालला होता. चेंडू आमच्याकडे आला, रंजनाने तो उचलून परत फेकला. तो झेलायला ओर्ला धावत आली होती. चांगली उंच, धिप्पाड बाई. गंमत म्हणून तिने चेंडू काखेत घेऊन रंजनाला हूल दिली, जणू काही हिला चुकवून पुढे जायचंय. आणि रंजना बसली. म्हणजे गुडघ्यात वाकली, एक पाय मागे, हात मोकळे. ओर्ला डावीकडे गेली, ही डावीकडे. ओर्ला उजवीकडे, ही आधीच तिथे. तीनदा, चारदा झालं. मागच्या सगळ्या बायका सराव थांबवून बघायला लागल्या. शेवटी ओर्ला कमरेवर हात ठेवून धापा टाकत काहीतरी म्हणाली. रंजनाने माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणते?" मी सांगितलं, विचारतेय की हे कुठे शिकलीस. "सांगा तिला, रोह्याला."

ओर्लाने पुढच्या शनिवारी यायला सांगितलं. रंजना मला दुभाषी म्हणून घेऊन गेली, आणि तो शनिवार असा काही लागला की मी अकरा-बारा वर्षं त्या बाकावर बसले.

पहिल्याच सामन्यात घोळ झाला. समोरची एक मुलगी चेंडू घेऊन हिच्या अंगावर आली, हिने खाली झेप घेतली, घोटा धरला आणि त्या मुलीला आडवी केली. इतकी सुंदर पकड होती की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. रंजना हात वर करून उभी राहिली. शिट्टी वाजली. आपल्याला गुण मिळाला म्हणून ती हसत रेफरीकडे वळली, तर रेफरी तिलाच पिवळं कार्ड दाखवत होता. बायकांच्या या खेळात दुसरीच्या अंगाला हात लावून अडवायचं नाही. चेंडूवर हात मारायचा, लाथ मारताना चेंडू अडवायचा, वाट अडवायची; पण धरायचं नाही, ढकलायचं नाही. हे ओर्ला समजावत होती, मी मराठीत सांगत होते, आणि रंजनाचा चेहरा उतरत चालला होता.  परतल्यावर सेंगकांगला बसमधून उतरताना ती म्हणाली, "पकडायचं नाही. मग अडवायचं कसं, ताई?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला तिला पुढची काही वर्षं लागली. आमच्या ब्लॉकखाली, वॉइड डेकवर, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागेत, भिंतीवर मोठी पाटी आहे, चेंडू खेळण्यास मनाई. रंजना तिथे चेंडूशिवाय खेळायची. पाच वर्षांची आर्या स्कूटरवरून येणार, खांबांमधून हवी तशी वळणार, आणि हिने मागे मागे सरकत तिच्या समोर राहायचं, हात न लावता. दगडी टेबलावर बुद्धिबळ मांडून बसणारे एक चिनी अंकल हे रोज बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "आंटी, यू लर्न डान्स आह?" रंजना म्हणाली, "येस अंकल, स्लो डान्स." तेव्हापासून ते तिला डान्स आंटीच म्हणत. हळूहळू तिला सूत्र सापडलं. डोळ्यांकडे बघायचं नाही, डोळे फसवतात. चेंडूकडेही बघायचं नाही. कंबर बघायची. कंबर जिकडे वळेल तिकडेच माणूस जाणार, आणि तिथे आपण अर्धं पाऊल आधी पोचायचं. "समोरची आली की आपण तिथं असलो पाहिजे. बास. धरायची गरजच काय?"

सगळं सुरळीत चाललं होतं असं मात्र नाही. विजयने कधी बंदी घातली नाही, पण त्याला ते रुचलंही नव्हतं. त्याची आई अलिबागकडे असते. व्हिडिओ कॉलवर तिला रंजनाच्या गुडघ्यावरचा काळानिळा डाग दिसला आणि विचारपूस सुरू झाली. खेळते म्हटल्यावर, या वयात? अर्ध्या चड्डीत? विजय त्या वेळी घरी होता, मीही तिथेच बसले होते. फोन ठेवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "आपण इथे पासवर आलेली माणसं. मी निम्मा महिना बाहेर. उद्या तुझा हातपाय मोडला तर आर्याकडे बघणार कोण?" प्रश्न खोटा नव्हता. मी उठायला लागले तर रंजनाने मला खाली बसवलं, बहुधा साक्षीदार म्हणून. म्हणाली, "कबड्डी सोडली तेव्हा मी एक शब्द बोलले नव्हते. हे मी सोडणार नाही. आधीच बोलून ठेवते, म्हणजे नंतर कुणाला धक्का नको."  पुढच्या फेरीला निघताना विजयने बर्फाच्या शेकाची पिशवी आणून फ्रीजमध्ये ठेवली होती.

आशियातल्या वेगवेगळ्या शहरांत असे आयरिश क्लब आहेत आणि वर्षातून एकदा सगळ्यांची एकत्र स्पर्धा होते. तिच्या तिसऱ्या वर्षी ती बँकॉकला होती. आमचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. समोरच्या संघात केली नावाची चोवीस वर्षांची मुलगी होती, लांब टांगांची, हूल द्यायला वस्ताद. रंजनाने तिला सबंध सामना बांधून ठेवलं. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे. केलीला चेंडू मिळाला. ती डावीकडे झुकली, रंजना झुकली. आणि केली एकाएकी उलटी वळून निसटली. रंजना पहिल्यांदा मागे पडली होती. पुढे फक्त गोलरक्षक. आणि मग मला दिसलं, तिचा हात खाली गेला. वीस-पंचवीस वर्षांची सवय... तिने घोटा धरला. पेनल्टी. केलीने ती जाळ्यात मारली, तीन गुण, आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. शिट्टी झाल्यावरही रंजना तिथेच गवतावर बसून राहिली. ओर्ला तिच्या शेजारी जाऊन बसली.

जे बोलायला नको होतं ते मी बोलले. विमानतळावर सामानाची वाट बघताना तिचा चेहरा मला बघवेना. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "रंजना, आता पुरे कर. सदतिसावं लागलं तुला. हौस फिटली ना?" तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "हौस?" एवढाच शब्द. त्यानंतर ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. लिफ्टमध्ये भेटली तर माझ्या मजल्याचं बटण दाबायची आणि दाराकडे बघत उभी राहायची. मी ऑफिसला क्वीन्सटाउनपर्यंत जाता-येता गाडीत बसून स्वतःशी वाद घालायची, की काय चुकीचं बोलले मी? आणि एक दिवस कळलं. मला माझ्या नोकरीबद्दल कोणी असं विचारलं असतं, की हौस फिटली ना, तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. तिची बाकावर बसलेली एकुलती एक प्रेक्षक मी, आणि मलाच ते समजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली ती दिसली, एकटी, वॉइड डेकच्या खांबांमधून उलटी पळत होती. मी चपला घालून खाली गेले. म्हटलं, चुकले मी. ती थांबली नाही. म्हटलं, मी काय करू ते सांग. तेव्हा ती थांबली, घाम पुसला आणि म्हणाली, "केली व्हा."

मी बेचाळीस वर्षांची, शाळेत खो-खोला शेवटी निवडली जाणारी, दिवसभर संगणकापुढे बसणारी बाई. दीड वर्ष आठवड्यातून तीन दिवस सकाळी मी केली झाले. काखेत उशी धरून यायचं, डावीकडे झुकायचं, उलटं वळून निसटायचं. पहिल्या महिन्यात तिने कितीदा माझा घोटा धरला ते सांगत नाही. ऑफिसातले लोक विचारायचे, लंगडताय का? प्रत्येक वेळी धरलं की ती स्वतःलाच शिवी हासडायची आणि म्हणायची, "परत." हळूहळू तो हात खाली जायचा थांबला. मग असे दिवस आले की मी काहीही केलं तरी ती समोर असायचीच, हाताच्या अंतरावर, मला न शिवता. बुद्धिबळवाले अंकल मला म्हणाले, "यू ऑल्सो डान्स, आह? यू नो गुड." खरंच होतं.

पुढच्या वर्षी आमचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी स्पर्धा क्वालालंपूरला होती आणि अंतिम सामन्यात समोर तोच संघ, तीच केली. रंजना एकोणचाळीस वर्षांची. या वेळी विजय आला होता, पहिल्यांदाच, दहा वर्षांच्या आर्याला घेऊन. बाकावर माझ्या शेजारी बसला आणि फोन समोर धरून आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हणाला, "आईच म्हणाली, बघू तरी दे काय करते ती."

परत शेवटची मिनिटं, परत आम्ही एका गुणाने पुढे. असं जुळून येतं यावर माझा विश्वास नव्हता, पण मी तिथे गुण लिहीत बसले होते, मीच साक्षीदार आहे. केलीला चेंडू मिळाला. ती डावीकडे झुकली. रंजना झुकली नाही. केली उलटी वळली, तर रंजना तिथे. पुन्हा वळली, पुन्हा तिथे. रंजना मागे मागे सरकत होती, गोलाच्या रेषेकडे, आणि मी मनात म्हणत होते, हात नको, हात नको... केलीला वळायला जागा उरली नाही. तिने लाथ मारायला पाय मागे घेतला, आणि त्या क्षणी रंजनाने तिच्या बुटापुढे दोन्ही हात पसरून स्वतःला झोकून दिलं. चेंडू हातावर आदळल्याचा आवाज बाकापर्यंत आला. तो उडून बाहेर गेला. शिट्टी.

फोनमधून म्हातारीचा आवाज आला, "अरे, पण पकडलं का नाही तिनं?"

विजयच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई," तो ओरडला, "पकडायचं नसतं! पकडायचं नसतं यात!"

रंजनाची करंगळी मोडली होती. डॉक्टर तिला पट्टी बांधत असताना केली येऊन शेजारी गवतावर बसली. म्हणाली, ती उलटी वळण्याची हूल मी दोन वर्षं घोटत होते. एव्हाना रंजनाचं इंग्रजी बरंच सुधारलं होतं. ती म्हणाली, "मी टू."

आणखी चार वर्षं ती खेळली. गुण करणाऱ्या मुलींचे फोटो काढायला सगळे धावायचे, त्यावर ती मनापासून चिडायची. ती काही फार गोड स्वभावाची बाई नव्हती. कौतुक तिच्या तोंडून निघायचं नाही, आणि उशिरा येणाऱ्यांना ती बारीक डोळे करून असं बघायची की माणसं पुढच्या शनिवारी पाऊण तास आधी यायची. त्रेचाळिसाव्या वर्षी गुडघ्याने हात टेकले, तेव्हा तिने ओर्लाच्या हाताखाली बचावाच्या मुली शिकवायला घेतल्या. आयरिश मुली, चिनी मुली, एक तामिळ, एक फिलिपिनो. शिकवताना घाईत इंग्रजी सुचायचं नाही, म्हणून ती मराठीत ओरडायची, "खाली! खाली बस! कंबर!" त्या मुलींनी ते शब्द तसेच उचलले. आज आमच्या संघात मेई लिंग इथल्या बोलीतला 'लाह' जोडून मागून ओरडते, "कंबर, कंबर लाह!" आणि आयर्लंडमधल्या कॉर्कहून आलेली मुलगी बरोबर कंबर बघते. मागे दुसऱ्या शहरातल्या एका प्रशिक्षकाने ओर्लाला विचारलं होतं, हा तुमचा कंबर डावपेच काय आहे? ओर्लाने बाकाकडे, रंजनाकडे बोट दाखवलं. रंजनाने न ऐकल्यासारखं केलं, पण घरी जाताना बसमध्ये तिने मला तो किस्सा दोनदा सांगितला, जणू मी तिथे नव्हतेच.

पोटात दुखतंय ते स्नायू दुखावलाय असं म्हणून तिने बरेच दिवस अंगावर काढलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळल्यापासून चार महिने. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा उशांना टेकून ती फोनवर आदल्या शनिवारच्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघत होती. चेंडू पुढे गेला की ती ते पळवायची, तिला फक्त मागच्या तिघी बघायच्या होत्या. म्हणाली, "मेई लिंगला सांगा, चेंडूकडे बघते अजून." सांगते म्हटलं. फोन बाजूला ठेवून ती डोळे मिटून पडली. मला वाटलं झोप लागली. पण मग म्हणाली, "ताई, राज्याकडून नाही खेळले मी."

"नाही."

"...पण खेळले."

मी म्हटलं, खेळलीस. आणि तो शब्द मला पुरेसा वाटेना, म्हणून पुन्हा म्हटलं, खेळलीस ग.

गेल्या रविवारी नवव्या मजल्यावर गेले होते. विजयने आता दौरे बंद करून घेतलेत, घरून काम करतो. आर्या सतरा वर्षांची आहे. तिने कधी चेंडूला हात लावला नाही, पुढे लावेल असंही नाही. ती व्हायोलिन वाजवते आणि आईच्या सामन्यांना कंटाळायची. आम्ही चहा घेत होतो. बाहेर एकदम अंधारून आलं, इथे येतं तसं. विजय कप ठेवून उठायच्या आत आर्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोचली होती. "रेन कमिंग! ग्लोव्हज फर्स्ट, बाबा, ग्लोव्हज फर्स्ट!" खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत होते, आणि टोकाला दोन चिमट्यांत रंजनाचे खेळायचे हातमोजे. हॉस्पिटलात भरती झाली त्या सकाळी तिने धुऊन टाकले होते, म्हणाला विजय. तेव्हापासून कपडे आत येतात, घड्या होतात, पण मोजे परत बांबूवर जातात. पाऊस आला की मात्र आधी ते आत. कोणी तसं ठरवलेलं नाही.

आर्याने बांबू आत ओढला. विजयच्या शर्टांवर थेंब पडले होते, मोजे कोरडे होते. उन्हाने पार कडक झालेले. तिने एक मोजा हातात घालून पाहिला. बोटं अर्ध्यात अडली. ती मला दाखवत म्हणाली, "सी, मावशी. कान्ट फिट. माय हॅन्ड बिगर ऑलरेडी." मी तो मोजा हातात घेतला. आर्याचे हात काही मोठे नाहीत, चारचौघींसारखे आहेत. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. माझाही मोठा होता. इतकी वर्षं त्या हातांना चेंडू अडवताना पाहिलं, आणि ते एवढेसे होते हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.